मलिक अंबरची नहर आणि आपल्या मुली

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकजण खुलदाबादला कधी ना कधी गेलेले असतील. तेथे दर्ग्यांची जियारत होते, मुलांना औरंगजेबाची साधी कबर दाखविली जाते आणि मंडळी परत फिरतात. पण त्याच गावात थोड्या अंतरावर एक दगडी घुमटाचा मकबरा उभा आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. तेथे मलिक अंबर चिरनिद्रा घेत आहे. या पुरुषाने मोगल बादशहाला पंचवीस वर्षे दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत, हे शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो. परंतु मला आज आपणांपुढे त्याची तलवार ठेवावयाची नाही, तर त्याने जमिनीखालून खेळविलेले पाणी ठेवावयाचे आहे. त्या पाण्याचा आपल्या घरातील मुलींशी काय संबंध, असे आपण विचाराल. तो संबंध मी लेखाच्या शेवटी सांगेन. प्रथम त्याचे चरित्र ऐका.

बालपण आणि तालीम

मलिक अंबरचा जन्म सन १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबशी मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे लहानपणीचे नाव चापू असे सांगतात. कोवळ्या वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. लाल समुद्राच्या काठावरील बाजारपेठांतून हातोहात फिरत तो बगदादला पोहोचला. ज्या मुलाला स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्याचे पुढे काय व्हावे? मजुरी, मार आणि मरण, एवढेच त्याच्या नशिबी दिसत होते.

परंतु बगदादमध्ये मीर कासीम नावाच्या मालकाकडे तो आला आणि येथे त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. मीर कासीमला या मुलाची बुद्धी दिसली. त्याने त्याला लिहावयास, वाचावयास आणि हिशेब ठेवावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पालकहो, येथे क्षणभर थांबा. त्या काळी हजारो हबशी मुले विकली गेली. त्यांच्यात बुद्धिमान मुले पुष्कळ असतील. पण शिकविणारा मिळाला तो फार थोड्यांना. गुणांची निपज सगळीकडे होते, परंतु ते गुण ओळखणारा माणूस घरात असावा लागतो.

पुढे अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच होता. राज्यकारभार कसा चालतो, हे अंबरने त्याच्याजवळ राहून पाहिले. सन १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान मृत्यू पावला आणि त्यानंतर अंबरला स्वातंत्र्य मिळाले. काही काळ त्याने विजापूरकरांची चाकरी केली. तेथे त्याला मलिक ही पदवी मिळाली. सन १५९५ च्या सुमारास थोडे घोडेस्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत परतला.

चांदबिबीची रात्र

याच वेळी अहमदनगरच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला होता. किल्ल्याचे रक्षण करीत होती एक स्त्री, सुलताना चांदबिबी. तिच्या शौर्याची कथा आपणांस ठाऊक आहे, पण त्या कथेचा एक भाग नीट पाहण्यासारखा आहे. मोगलांनी तटाखाली भुयारे खणून त्यांत सुरुंगाची दारू ठासली होती. आतल्या लोकांना याचा सुगावा लागला. त्यांनी आतून खणून काही सुरुंग निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबिबी स्वतः तेथे धावून आली, हल्ला परतविला आणि त्याच रात्री ते खिंडार बांधून काढले. सकाळी मोगलांनी पाहिले, तो तट पुन्हा उभा होता.

विचार करा, रात्रीतून तट उभा करणे हे केवळ धैर्याचे काम आहे काय? दगड कोठून आणावयाचे, किती माणसे कोठे लावावयाची, पाया कसा धरावयाचा, हे सारे त्या रात्री ठरवावे लागले. आपण मुलींना चांदबिबीची तलवार सांगतो, तिची भिंत सांगत नाही. आणि आजच्या मुलीला तलवारीपेक्षा भिंतीचे ज्ञान अधिक उपयोगी आहे.

खडकीचे नवे शहर

सन १६०० मध्ये अहमदनगर पडले. राज्य संपले असे सर्वांना वाटले. मलिक अंबरने मात्र परांड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातील मुर्तजा याला गादीवर बसविले आणि राज्य पुन्हा उभे केले. गुलाम म्हणून आलेला माणूस आता राज्याचा आधारस्तंभ झाला. त्याने मराठा सरदारांना हाताशी धरले. मोठ्या फौजेशी उघड्या मैदानात न लढता तिची रसद तोडावयाची, तिला डोंगरदऱ्यांत थकवावयाचे, ही गनिमी काव्याची युद्धपद्धती त्याने राबविली. शहाजीराजे भोसले त्याच्याच काळात पुढे आले. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत पुढे अनेक पिढ्या नावाजली गेली.

सन १६१० मध्ये त्याने खडकी या गावी नवी राजधानी वसविली. हेच गाव पुढे औरंगाबाद झाले आणि आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. आपल्या जिल्ह्याचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. सन १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मोगलांशी मोठी लढाई झाली. तीत अंबरचा पराभव झाला आणि शत्रूने खडकी जाळून उद्ध्वस्त केली. तरीही हा माणूस खचला नाही. शहर पुन्हा उभे राहिले. सन १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. मे १६२६ मध्ये, सुमारे ७८ वर्षांचा होऊन तो वारला.

जमिनीखालचे पाणी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. खडकी वसविली खरी, पण खडकाळ जमिनीवरच्या नव्या शहराला पाणी कोठून द्यावयाचे? खाम नदी लहान, उन्हाळ्यात तिची धार बारीक होणार. फौज, कारागीर, व्यापारी, जनावरे या सर्वांना बारा महिने पाणी हवे. मोट लावून वर काढलेले पाणी किती जणांना पुरणार?

मलिक अंबरने शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागाकडे पाहिले. तेथील जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या थरातून हळूहळू वाहत राहते. तेथे जमिनीखाली भुयारासारखी वाट खणली, की पाझरलेले पाणी तीत गोळा होते. ही वाट शहराच्या दिशेने बेताच्या उतारावर आणली, तर पाणी कोणी न ओढता, कोणी न उचलता आपोआप शहरात येते. इराण आणि इराकच्या कोरड्या मुलखात असे भूमिगत कालवे फार पूर्वीपासून होते आणि आपल्या शेजारच्या बीदरलाही ते होते. त्याच तत्त्वावर अंबरने आपली नहर बांधली. सुमारे पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत हे काम पुरे झाले, असे परंपरेने सांगितले जाते. हीच नहरे-अंबरी होय. पुढे मोगल काळात याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. त्यांतील पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून वस्तीवस्तीच्या हौदांत पडत असे. नहरे-अंबरीने विसाव्या शतकातही शहराच्या काही भागाला पाणी दिले. ज्याने ती बांधली त्याचे राज्य त्याच्यामागे दहा वर्षांतच बुडाले, पण पाणी तीनशे वर्षे वाहत राहिले.

या नहरीत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली उताराची. उतार फार झाला तर पाणी जोराने धावून वाट खोदते आणि कमी झाला तर गाळ बसून वाट बुजते. मैलोगणती अंतरावर हा उतार सांभाळावयाचा, तोही जमिनीखाली! दुसरी गोष्ट बंबांची. त्या शहरात जुन्या वस्तीत विटा-चुन्याचे उंच मनोरे जागोजाग दिसतात. लोक त्यांना बंब म्हणतात. नळाची वाट जेथे खालीवर होते तेथे उंचवट्यावर हवा अडकते आणि पाणी थांबते. तसेच खोल भागात पाण्याचा दाब वाढून मातीचा नळ फुटण्याची भीती असते. बंबामध्ये पाणी वर चढते, अडकलेली हवा निघून जाते, जादा दाब मोकळा होतो आणि पाणी पुढे चालू लागते. पुढच्या काळात बांधलेली पाणचक्की तर सर्वांनी पाहिलीच आहे. दूरच्या डोंगरातून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते आणि त्या पाण्याच्या बळावर आडवे चाक फिरून पीठ दळले जात असे.

आपल्या जालन्याचा मोतीतलावही याच परंपरेतला. मलिक अंबरच्या काळात येथील अधिकारी जमशेदखान याने शहराच्या पश्चिमेला हा तलाव बांधला आणि जमिनीखालील नळांनी त्याचे पाणी गावातील हौदांत आणले, अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या इतिहासात आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला नळाचे पाणी होते. आणि सन २०१३ च्या दुष्काळात हेच गाव टँकरची वाट पाहत रस्त्यावर उभे होते, हे आपण विसरलेलो नाही.

माझी एक चूक

वाचकहो, आता तो संबंध सांगतो. त्या दुष्काळाच्या सुमारास मी नुकताच शिक्षक झालो होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी नहरीची प्रतिकृती करावयाचे ठरविले. नळ्या, बाटल्या, माती, पाणी हे सर्व काम मी मुलांना दिले. मुलींचे अक्षर चांगले, म्हणून तक्ते लिहिण्याचे काम मुलींना दिले. यात काही चुकले असे मला तेव्हा मुळीच वाटले नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे समोर उभे राहिले आणि प्रतिकृतीतील पाणी अडले. मुलांनी नळी हलविली, पिळली, बाटली दाबली, पण पाणी पुढे जाईना. पाहुणे सौजन्याने हसून पुढे गेले. सर्व आटोपल्यावर आठवीतील एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की, नळीच्या उंच भागात हवा बसली आहे, तेथे टाचणीने भोक पाडले तर पाणी सुटेल. मी तसे केले आणि पाणी वाहू लागले! तुला हे कसे कळले, असे मी विचारले. तेव्हा ती म्हणाली की, घरी रोज टँकरचे पाणी पिंपातून नळीने हंड्यात काढावे लागते, नळी उंच झाली की पाणी थांबते, म्हणून तिला ठाऊक होते.

जी गोष्ट मी पुस्तकातून शिकवीत होतो ती त्या मुलीच्या हाताला ठाऊक होती आणि मी तिच्या हातात रंगीत पेन दिले होते. दहावीला तिला चांगले गुण मिळाले. तिने तंत्रनिकेतनात जावे असे मला वाटत होते. पण तिच्या वडिलांना भेटावयास मी गेलो तेव्हा तिचे लग्न ठरून गेले होते. तिच्या अब्बांनी मला आदराने बसविले, चहा पाजला आणि एकच गोष्ट विचारली. आपली मुलगी यंत्राच्या कामाची आहे, हे आधी कोणी का सांगितले नाही? माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीन वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. तेव्हापासून प्रदर्शनाचे काम वाटताना मी पहिली नळी मुलीच्या हातात देतो. पण एका शिक्षकाने हे करून भागत नाही, मुलीच्या हाताला सवय घरातच लागावी लागते. म्हणून हा लेख.

घरातील नहर

मुलींनो, पुढील चार गोष्टी तुम्ही सुट्टीत घरी करून पाहा. पैसा फारसा लागत नाही. चार-पाच हात लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दवाखान्यातील वापरलेली नळी मात्र घेऊ नका आणि नळीला तोंड लावून पाणी ओढू नका. नळी पाण्यात बुडवून भरा आणि दोन्ही टोकांना अंगठे लावा.

पहिली गोष्ट, पातळी. नळी पाण्याने बहुतेक भरा, मध्ये बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक तुम्ही धरा, दुसरे बहिणीला अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीला लावून धरावयास सांगा. अंगठे काढा. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला थांबेल. तेथे भिंतीवर खडूने खुणा करा. आता दोन्ही खुणांपासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. जेथे अंतर जास्त, ती बाजू सखल. गवंडी असेच लेव्हल काढतो. आपल्या मोरीतले पाणी नेमके कोणत्या कोपऱ्यात तुंबते, हे फरशी पुसणाऱ्या मुलीला आधीच ठाऊक असते. आता तिला त्याचे माप काढता येईल आणि पुढच्या खेपेस गवंड्याशी बोलतानाही तिचे मत विचारावे लागेल.

दुसरी गोष्ट, उतार. अंगणात मातीचा लांब ढीग करा आणि वरून खालपर्यंत बोटभर रुंद चर काढा. लोटीने एकसारखे पाणी सोडा. एकदा उतार जास्त ठेवा, एकदा कमी. कोठे माती खचते, कोठे गाळ बसतो, ते पाहा. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांची उंची मोजून वहीत लिहा. कोणत्या उतारावर चर शाबूत राहिला? हाच प्रश्न मलिक अंबरच्या कारागिरांपुढे होता.

तिसरी गोष्ट, बंब. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा. झाकणाला भोक पाडून त्यात नळीचे एक टोक बसवा आणि सांधा एम-सीलने बंद करा. बाटली उलटी करून उंच टांगा आणि पाण्याने भरा. नळी खाली आणा, मध्ये एक उंचवटा द्या आणि मग पुन्हा खाली नेऊन दुसरे टोक वर आणा. हे टोक उंचवट्यापेक्षा थोडे वर, पण बाटलीतील पाण्यापेक्षा बरेच खाली असू द्या. उंचवट्यात हवा राहिली तर पाणी अडेल किंवा मंद होईल. आता तेथे बारीक भोक पाडून त्यात सरबताची नळी उभी बसवा आणि सांधा बंद करा. ही उभी नळी बाटलीतील पाण्यापेक्षा उंच हवी. हवा तीतून निघून जाईल आणि पाणी वाहू लागेल. उभ्या नळीतून पाणी सांडणार मात्र नाही. का सांडत नाही, याचा विचार करा. उत्तर पहिल्या प्रयोगात आहे.

चौथी गोष्ट, पाणचक्की. मोठ्या बटाट्यात प्लास्टिकच्या चमच्यांची सहा-आठ पाती गोलाकार खोचा, मधून विणकामाची सुई आरपार घाला आणि दोन विटांवर टेकवा. वरून पाण्याची बारीक धार सोडा. धार एक हात उंचीवरून पडली तर मिनिटात किती फेरे, दोन हात उंचीवरून पडली तर किती? सुईला दोरा बांधून काडेपेटी उचलता येते का पाहा. वापरलेले पाणी टाकू नका, झाडांना घाला. आपण जालनेकर आहोत.

हे करताना पहिल्या प्रयत्नात फसाल. सांधा गळेल, पाती निसटतील. फसले तर काय बदलावयाचे ते वहीत लिहा आणि पुन्हा करा. इंजिनिअरचे काम यापेक्षा निराळे नसते.

पालकांना विनंती

माता-भगिनींनो, तुम्ही स्वतःला अडाणी समजू नका. शिलाई मशीनचा टाका सैल पडला तर ताण कोठे कमी-जास्त करावयाचा, बॉबिन कशी बसवावयाची, पट्टा का घसरतो, हे तुम्हांला ठाऊक असते. सपाट कापडातून गोल बाहीचे माप काढणे ही भूमितीच आहे. कुकरची शिटी का अडते हे तुम्हांला कळते. मुलीला हे नुसते काम म्हणून देऊ नका, कारणासह सांगा. आणि तिने जुने घड्याळ किंवा बिघडलेला मिक्सर वडीलधाऱ्यांसमोर उघडला तर रागावू नका. विजेची तार काढलेली आहे एवढे मात्र पाहा.

वडीलमंडळींना माझे सांगणे निराळे आहे. आपल्या समाजात गॅरेजवाले, वेल्डर, गवंडी, प्लंबर, वायरमन, मोटर गुंडाळणारे किती आहेत, मोजून पाहा. हत्यारांची पेटी आपल्या घरातच आहे. मुलगा सातव्या वर्षापासून त्या पेटीशी खेळतो. मुलीला मात्र पाना म्हणजे काय हेसुद्धा आपण सांगत नाही. दहाव्या शतकात शाम देशातील हलब शहरी, सैफुद्दौला या अमीराच्या पदरी, अल-इजलीची मुलगी अस्तुरलाब घडवीत होती. ताऱ्यांवरून वेळ आणि दिशा काढण्याचे ते नाजूक यंत्र. तिचा बापही तेच काम करीत होता. इब्न नदीमने आपल्या ग्रंथसूचीत कारागिरांच्या यादीत तिची नोंद केली आहे. आपल्या देशात ए. ललिता यांना अठराव्या वर्षी वैधव्य आले, कडेवर लहान मुलगी होती. त्यांचे वडील मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी मुलीला तेथेच घातले आणि सन १९४३ मध्ये त्या विद्युत अभियंता झाल्या. पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या वाहिन्यांचे काम त्यांनी केले. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सन १९५३ मध्ये सिव्हिल इंजिनिअर झालेल्या शकुंतला भगत यांचे वडीलही पूल बांधणारे इंजिनिअर होते आणि मुलीनेही पुलांच्या रचनेत नाव मिळविले. या तिघींच्या घरी बापाचे काम मुलीला दिसत होते. गॅरेजवाल्याचे कामही त्याच्या मुलीला दिसू शकते. फरक एवढाच की त्याने तिला जवळ बसवावे.

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेता येते. जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. मुलीला गावाबाहेर पाठविण्याची चिंता असेल तर त्यासाठी प्रथम गावातीलच दार ठोठावा. दहावीचा निकाल लागल्यावर विचार करू, असे म्हणू नका. त्या एका मुलीच्या बाबतीत आम्ही सर्वांनी तसेच केले आणि उशीर झाला.

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. गेल्या वर्षी ती आपल्या लेकीला पहिलीत घालावयास शाळेत आली होती. बोलता बोलता तिने सांगितले की सासरच्या गल्लीत टाकीचे पाणी शेवटच्या घरापर्यंत जात नव्हते, तिने नळाच्या वळणावर हवा काढण्याची तोटी बसवून घेतली आणि आता पाणी जाते. हे सांगताना ती हसत होती. मला मात्र हसता आले नाही.

तिची लेक माझ्या शाळेत आहे. पुढच्या खेपेस मोतीतलावावर सहल नेणार आहोत, तेव्हा नळी तिच्या हातात राहील. वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी मुलगी हंड्यापाशी बसून पाण्याकडे पाहत असेल. तिला विचारा, ती काय पाहत आहे. मलिक अंबरला विचारणारा बगदादेत भेटला होता. आपल्या मुलीला तो घरातच भेटू द्या.